नाडीवाद्याने पुरी केलेली धून

प्रणिताच्या वरातीत वाजवणारं कुणीच नव्हतं, तरी तासगावच्या रस्त्यावर दोनशे माणसं नाचत होती. पुढच्या गाडीवर कपाटाएवढं नाडीवाद्य बसवलेलं होतं. नाचणाऱ्यांच्या मनगटावरच्या पट्ट्या त्याला प्रत्येकाच्या नाडीचे ठोके कळवत. पाय जरा मंदावले, की ते असा स्वर टाकी की थकलेला माणूसही पुन्हा उसळे.

रंगनाथ अवघडे क्लॅरिनेटची पेटी काखेत धरून कडेने चालला होता. यंत्रातली क्लॅरिनेट त्याचीच होती. दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या माणसांनी त्याच्या ओठांवर आणि गळ्यावर संवेदकांच्या पातळ चकत्या चिकटवून तीन दिवस त्याची फुंक टिपली होती. दोन स्वरांमध्ये तो घेत असलेला श्वाससुद्धा सोडला नव्हता. "तुमच्यामागं तुमचं वाजवणं उरेल," असं ते म्हणाले. रंगनाथच्या वडिलांची कला त्यांच्याबरोबरच मातीत गेली होती, म्हणून त्याने हो म्हटलं. पुढच्या लग्नसराईत रंगनाथच्या बँडला एकही सुपारी आली नाही.

नवरीचा बाप शिवराम वायदंडे त्याच बँडमधला ताशावाला. प्रणिता पाळण्यात होती, तेव्हाच रंगनाथने शब्द दिला होता, की हिच्या वरातीत मी वाजवीन. मांडवाच्या कमानीपाशी प्रणिता मागच्या गाडीतून उतरली आणि यंत्र सांभाळणाऱ्या बाईंना म्हणाली, "ताई, जरा बंद करा. आता आमचे काका वाजवणार."

"आवाज बंद करते," त्या म्हणाल्या. "त्याचं ऐकणं मात्र चालूच राहतं."

शिवरामने ताशा गळ्यात अडकवला. रंगनाथने ओठ ओले केले आणि आपली हमखास नाचवणारी धून धरली. पोरं नाचली. मग नवऱ्याकडचा एक पाहुणा कौतुकाने म्हणाला, "काका हुबेहूब मशीनसारखं वाजवतात की."

रंगनाथच्या बोटांना ते ऐकू गेल्यासारखं झालं. त्याने ती धून तिथेच सोडली. खालच्या स्वरावरून त्याने आजवर कधीच न वाजवलेलं काहीतरी उचललं. शिवराम क्षणभर चाचपडला, मग हसून मागोमाग आला. नाचणाऱ्यांचे पाय अडखळले, एकेक जण थांबला. प्रणिता मात्र मान कलती करून ऐकत राहिली. धून चढत चढत वरच्या स्वरावर गेली आणि तिथे रंगनाथचा दम संपला. तो खोकत वाकला.

नवऱ्याच्या मामांना मुहूर्ताची घाई होती. त्यांनी हात केला. बाईंनी आवाज सोडला.

नाडीवाद्याने त्याच वरच्या स्वरापासून धून उचलली. त्याला दम लागत नव्हता. दोन वळणं घेऊन ते अलगद खाली उतरलं आणि सम गाठली. दोनशे माणसं एकदम उसळली. शिवरामच्या काड्या थोडा वेळ त्या लयीमागे धावल्या, मग थांबल्या. प्रणिता नाचत होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

"काका, तुमचंच हाय ना हे?" तिने विचारलं.

लग्नाच्या दिवशी पोरीचं मन कशाला मोडायचं? रंगनाथने मान डोलावली. शेवट खरोखरच सुंदर होता, आणि तेच त्याच्या जिवाला लागलं.

चार दिवसांनी सकाळी शिवराम त्याच्याकडे आला, तेव्हा रंगनाथ ओसरीवर क्लॅरिनेट मांडीवर घेऊन बसला होता. रोज तो वरातीतली ती नवी धून वरपर्यंत नेत होता. तिथून पुढे त्याची बोटं यंत्राच्याच वाटेने खाली उतरत होती.

"तुला कसा करायचा हुता शेवट?" शिवरामने विचारलं.

रंगनाथने क्लॅरिनेटवर वरच्या स्वराची बोटं ठेवली, मग उचलली.

"आठवत न्हाई," तो म्हणाला. "का मला कधी ठाऊकच नव्हता, शिवा?"