सहा नंबरच्या कॉटची बेल

ऑडिटच्या दिवशी सहा नंबरच्या कॉटवर पेशंट नव्हता. चक्क वॉर्डचा इन्चार्ज ब्रदर आडवा झाला होता — बूट काढून, उजव्या हाताला सलाइनची रिकामी नळी चिकटवून!

संघप्रिया दारातच थबकली. नेरूळच्या या हॉस्पिटलात क्वालिटी विभागात तिला तीन वर्षं झाली होती. पण तिच्या चेकलिस्टमध्ये याला रकानाच नव्हता.

"बरं वाटत नाहीये का?"

"मस्त वाटतंय." तो उठलाही नाही. "मॅडम, इथून बेल कशी दाबू, तेवढं सांगा."

बेल उजवीकडच्या भिंतीवर होती. डावा हात वळवून तो धडपडला, तरी बोटं वीतभर अलीकडेच राहिली. संघप्रियानं हातातला मागच्या ऑडिटचा कागद पाहिला. 'बेल चालू आहे' — बरोबरची खूण. तिनंच केलेली.

"चालू आहे हो," तो हसला, "फक्त हाताला लागत नाही."

त्या हसण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते तिला जास्त लागलं. आणि ते डोळे... जाऊ दे!

त्याचं नाव अभिराम. त्याच्या वॉर्डात महिन्याभरात तीन म्हातारी माणसं पडली होती. कागदोपत्री सगळं चोख होतं. 'अजून एक पडलं तर इन्चार्ज बदलेन,' असं मेट्रननी बजावलं होतं.

"तुम्ही नियम पाळला की नाही ते बघता," तो म्हणाला. "माझं डोकं पुढं अडकतं. नियम पाळूनही माणूस पडला... मग आता बदलू काय?"

"आणि बदललेलं टिकतंय का, ते कोण बघणार?"

तो उठून बसला. मग हळूच — "तुम्ही?"

तिनं पेशंट पडल्याच्या नोंदींचे तीन वर्षांचे फॉर्म टेबलावर पसरले. अकरापैकी आठ जण सकाळी साडेसहा ते साडेसातमध्ये पडले होते.

"ड्युटी बदलायची वेळ!" दोघं एकदमच म्हणाले. सगळे काउंटरवर गुंतलेले, आणि पेशंट एकटेच बाथरूमकडे निघालेले.

आधी फक्त चार कॉटवर करून बघायचं ठरलं. बेल लांब वायरनं हाताशी आणायची, आणि ड्युटी बदलायच्या आधी प्रत्येकाला विचारायचं, बाथरूमला जायचंय का?

संघप्रिया रोज सकाळी सहाला हजर. खरं तर गरज नव्हती. उन्नती सिस्टरच्या नजरेतून ते सुटलं नाही. "मॅडम, सगळा वॉर्ड त्याला ब्रदर म्हणतो. तुम्हीच तेवढ्या म्हणत नाही..."

संघप्रियाचे कान तापले.

नवव्या दिवशी कळंबोलीच्या बयाबाई पडल्या. त्या चारांतल्याच एका कॉटवरच्या. मनगटाला मुका मार. संघप्रियाचं पेन थबकलं. लिहिलं, तर अभिरामचा वॉर्ड जाणार. पण तिनं लिहिलं, वेळेसकट, आणि कागद स्वतः त्याच्या हातात दिला.

त्यानं तो दोनदा वाचला. मग तडक बयाबाईंच्या कॉटपाशी जाऊन उकिडवा बसला.

"आजी, सकाळी विचारलं होतं ना तुम्हाला?"

"इचारलं रं बाबा, पन केवढ्यांदा! शेजारनीचा जावई बसलेला. लाज वाटती की न्हाई मानसाला?"

त्यानं कपाळाला हात लावला. "चुकलंच माझं, आजी."

त्या ओशाळलेल्या चेहऱ्याकडे संघप्रिया बघतच राहिली. स्वतःची चूक इतक्या उत्सुकतेनं ऐकणारा माणूस तिनं पाहिला नव्हता.

ती तशीच मेट्रनकडे गेली. "पडल्याची नोंद केलीय, कारणही लिहिलंय. एक महिना द्या. रोज मी तपासेन."

मेट्रननी चष्म्यावरून पाहिलं, आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून मोठ्यानं विचारणं बंद झालं. सिस्टर जवळ जाऊन हात पुढं करायच्या, "चला, जरा पाय मोकळे करू." महिना सरला. कुणीही पडलं नाही. मग तेच सगळ्या कॉटवर सुरू झालं, आणि वरच्या मजल्यावरच्या सिस्टरही बघायला आल्या.

त्या रविवारी संध्याकाळी दोघं पाम बीचकडे फिरायला गेले. खाडीच्या उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग उभी होती. अभिराम तिकडे बघतच नव्हता.

"त्या दिवशी तुमचा राग यायला हवा होता मला," तो म्हणाला. "पण तुम्ही तो कागद लपवला नाहीत, सरळ माझ्या हातात दिलात... तेव्हाच झालं."

"काय झालं? नीट सांगा, अर्धवट नोंद मी घेत नाही."

"प्रेम," तो म्हणाला, आणि घाईघाईनं पक्षी मोजायला लागला.

वाऱ्यानं तिचे केस तोंडावर आले. तिनं ते तसेच राहू दिले.

"अभिराम," ती म्हणाली, "किती उशीर लावलास रे तू."

आणि त्याचा हात तिनंच आधी धरला.