कोंबड्यांचे फोटो आणि आबांचे पाय

आबांच्या डाव्या पायातली चप्पल चालता चालता मागे राहिली आणि आबा तसेच पुढे गेले.

"आबा, चप्पल!" शर्वाणी ओरडली.

आबांनी खाली वाकून बघितलं. चप्पल गेल्याचं त्यांना पायाने सांगितलंच नव्हतं. डोळ्यांनी सांगितलं, तेही नातीने हाक मारल्यावर. पायाला स्वतःची चप्पल कळू नये, हे काय असेल?

ते दोघे दवाखान्यातच निघाले होते. दवाखाना अरबी समुद्राच्या तळाशी होता, कारण त्यांचं अख्खं गावच तिथे होतं, काचेच्या घुमटाखाली. वर वादळं थांबायचं नाव घेत नव्हती. रसदेची पाणबुडी कित्येक महिने आली नव्हती, किनाऱ्याशी जोडणारी तार तुटली होती आणि डाळींच्या कोठाराला बुरशी लागली होती. भात मात्र भरपूर होता. म्हणून सगळे भातच खात. सोबत यंत्रातून निघणारं भाजीच्या चवीचं कालवण. भाजीशी त्याचा संबंध चवीपुरताच.

आबा शास्त्रज्ञ. तांदळावरचा कोंडा पार खरवडून काढणारी वस्तीतली गिरणी त्यांनीच बनवलेली. "पाण्याखाली राहतो म्हणून काय मातकट भात खायचा?" असं ते म्हणत आणि वस्तीला ते पटे. सणावाराला तर तांदूळ गिरणीतून दोनदा काढत.

दवाखान्यात निदानराव होते. हे डॉक्टरचं काम करणारं यंत्र. 'राव' लोकांनी लावलेलं. त्यांनी आबांना तपासलं.

"जंतू सापडला नाही. विष सापडलं नाही. हाड मोडलेलं नाही. म्हणजे आजार नाही. वय झालंय."

"पाऊल लोंबतंय त्यांचं. चार पावलांत धाप लागते!" शर्वाणी म्हणाली.

"वय झालंय," निदानरावांनी आवाज मायाळू करून तेच सांगितलं.

"दिघेकाकांनाही तुम्ही हेच सांगितलंत. ते पस्तिशीचे होते."

"त्यांचं लवकर झालं."

शेजारचे दिघेकाका मागच्याच आठवड्यात गेले. आधी पावलं लोंबली, मग धाप, मग हृदय थांबलं. आबांची आता धापेपर्यंत मजल गेली होती. शर्वाणीला पुढची पायरी माहीत होती, म्हणून ती घरी जायला उठेना.

आबा बाकावर टेकले. समोरच्या भिंतीवर जुनी चित्रं सरकत होती. किनाऱ्यावरच्या कुठल्याशा संग्रहालयाने वैद्यकाच्या इतिहासातले फोटो, पुस्तकं, नियतकालिकं वस्तीला भेट दिली होती. त्यांचं काय करावं कुणाला सुचेना, तेव्हा सांस्कृतिक विभागाने ती भिंतीवर लावली. रुग्णांचं मन रमावं म्हणून. त्यात कापलेले पायही होते.

एका फोटोत काही माणसं ओळीने बसली होती. सगळ्यांची पावलं लोंबत होती.

"आबा, हे बघा. तुमच्यासारखेच पाय!"

तिने फोटोला बोट लावलं. छापील पान उघडलं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचं. खाली लिहिलं होतं: दमट हवेचा परिणाम. पुढच्या काळातल्या नियतकालिकात तशीच पावलं, खाली लिहिलेलं: जंतूमुळे.

"कारण दर वेळी बदलतंय," शर्वाणी म्हणाली. "पाय तेच आहेत."

आबा सरसावून बसले. "शाब्बास. फोटो म्हणजे निरीक्षण (डोळ्यांना दिसलं ते). खालची ओळ म्हणजे अनुमान (त्यावरून डोक्याने काढलेलं). अनुमान चुकलं म्हणून निरीक्षण फेकायचं नसतं. निदानराव, तुम्ही हे वाचलं नाहीत?"

"ती सजावट आहे," निदानराव म्हणाले. "सजावट वाचण्याची मला परवानगी नाही. शिवाय जागा वाचवण्यासाठी मला अलीकडचेच आजार दिलेत."

पुढच्या पानावर कोंबड्या होत्या. माना वाकड्या, पाय फाकलेले.

आबा वाचून सांगू लागले. एका बेटावरच्या डॉक्टरच्या कोंबड्या अशाच लुळ्या पडल्या. त्यांना लष्करी रुग्णालयातला उरलेला पांढरा भात मिळायचा. मग नवा आचारी आला. सैनिकांचा भात बिगरसैनिकी कोंबड्यांना द्यायचा नाही, असं त्याने ठरवलं. कोंबड्यांना साधा, कोंड्यासकट तांदूळ घालावा लागला. आणि त्या उठून चालू लागल्या.

"म्हणजे पांढऱ्या भातात विष होतं?"

"त्या डॉक्टरलाही तसंच वाटलं. त्याच्यानंतरच्याने उलट सांगितलं. पांढऱ्या भातात काही जास्त नाही, काहीतरी कमी आहे. कोंड्यात एक जीवनसत्त्व असतं (शरीराला चिमूटभरच लागतं, पण ते शरीराला स्वतः बनवता येत नाही). भात म्हणजे चुलीतली लाकडं समज. हे जीवनसत्त्व म्हणजे काडी. चूल लाकडांनी भरलेली, पण पेटणार कशी? मग ज्यांना सतत ऊर्जा लागते ते आधी थकतात. नसा, म्हणजे मज्जातंतू. मग हृदय."

"आणि निदानरावांना ते सापडलं नाही, कारण..."

"कारण ते नव्हतंच. त्यांना असलेल्या गोष्टी शोधायला शिकवलंय."

आबांनी कोंबड्यांचं पान मिटलं.

"दिघे दोनदा भात वाढून घ्यायचा," ते म्हणाले. "वर म्हणायचा, काय पांढरा केलाय हो आबा!"

शर्वाणीने त्यांचा हात धरला.

गिरणी त्याच दुपारी बंद झाली. खताच्या टाकीत जाणारा कोंडा स्वयंपाकघरात आला. वस्तीने सभा घेऊन नव्या भाताच्या रंगाचा निषेध केला आणि मग तो खाल्ला. आबांची धाप काही दिवसांत उतरली. पावलं मात्र लोंबतच राहिली. नसा सावकाश सुधारतात, कधी पूर्ण सुधारतही नाहीत. निदानरावांनी 'वय कमी झाले' अशी नोंद केली. दिघेकाकू आबांशी बोलत नाहीत.

एके दिवशी आबा म्हणाले, "माझा फोटो काढ. भिंतीवरच्या संग्रहात जाऊ दे."

"नुसत्या पायांचा?"

"तोंडही घे. नाहीतर बघणाऱ्याला वाटायचं, पायच तेवढे आजारी होते."

तिने फोटो काढला. "खाली काय लिहू?"

"दिसतंय ते. पावलं उचलत नाहीत, बधिर आहेत. मग जागा सोड आणि कारण लिही. आपलं चुकलं असेल, तर पुढे तुझ्याएवढं कुणीतरी ते खोडेल."

शर्वाणीने लिहिलं. मग घुटमळली. "आबा, तांदूळ कुणी पांढरा केला, ते लिहायचं?"

"लिही."

"कारणाच्या जागेत?"

"नाही, वर," आबा म्हणाले. "ते अनुमान नाही."