वडिलांस पत्र

परळच्या आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना मी कॉम्प्युटरची तोंडओळख करून देतो. माउस कसा धरायचा, फाइल कुठे सेव्ह करायची, मराठी टायपिंग कसं करायचं. तिसऱ्या मजल्यावरची लॅब, तीस मशिनं. खिडक्या लावल्या तरी समोरच्या टॉवरच्या बांधकामाची धूळ की-बोर्डवर बसतेच. बारा वर्षांत नव्या मुलांच्या चुका मला पाठ झाल्यात. पहिल्या आठवड्यात त्यांना काना, मात्रा, वेलांटी सापडत नाही. नुसती अक्षरं उमटतात.

जुलैत मी मुलांना घरच्या कोणालाही पत्र टाइप करायला सांगितलं. लालबागच्या चाळीत राहणाऱ्या कौसल्याने ते वडिलांना लिहिलं. ते शिमग्यात वारले होते. चार ओळींना तिला दोन तास लागले. ‘बाबा, मी कॉलेजात नाव घातलं. तुम्ही असता तर घालू दिलं नसतं. आई आता पुढच्या खोलीत बसते. रविवारी आम्ही दोघी उशिरा उठतो.’

जेवणाच्या सुट्टीत मी फाइली तपासत होतो. लॅबचा शिपाई धनेश शेजारी डबा खात होता. कंटाळा आला होता म्हणा, मी तिच्या पत्राखाली टाइप केलं, ‘कोणाला विचारून गेलीस?’

“उद्या तिचं तोंड बघ,” मी म्हणालो.

धनेश हसला नाही. “राहू द्या ना सर.”

दुसऱ्या दिवशी कौसल्याने फाइल उघडली. माउसवरचा हात काढून मांडीवर घेतला. रडली नाही, कोणाकडे पाहिलंही नाही. मग एका बोटाने तिने टाइप केलं, ‘चुकलं.’

मी रुमाल तोंडाला लावून हसू दाबलं. वर्ग सुटल्यावर माझी ओळ पुसून टाकली.

तिसऱ्या दिवशी ‘चुकलं’च्या खाली आणखी एक ओळ होती.

‘आवशक सग म यतय.’

मालवणी. आईला सांग, मी येतोय.

मी धनेशला झापलं. “आईशप्पथ सर, हात नाही लावला,” तो म्हणाला. “मला मराठी टाइप करता कुठे येतं?”

मी पासवर्ड बदलला. नेटची वायर काढली. फाइल शेवटची कधी बदलली ते पाहिलं. सकाळी सात दहा. लॅब आठला उघडते आणि किल्ली माझ्याकडे असते.

चौथ्या दिवशी, ‘आवशीक सग मी यतय.’

शुक्रवारी एकही चूक नव्हती. ‘आवशीक सांग, मी येतंय.’

मी कौसल्याला बाहेर पॅसेजमध्ये बोलावलं. “ती पहिली ओळ माझी होती. मस्करी केली. पुढच्या कोण लिहितंय, मला माहीत नाही.”

“पहिली तुमची, ते कळलंच होतं सर. बाबा घरात मालवणीच बोलायचे.”

“मग ‘चुकलं’ का लिहिलंस?”

“सवय.” ती जिन्याकडे बघत होती. “मी उत्तर दिलं ना, म्हणून त्यांना कळलं मी कुठे असते ते.”

“काहीतरीच काय!”

“त्यांनी कॉम्प्युटर कधी बघितला पण नव्हता,” ती म्हणाली. “लवकर शिकले.”

मी तिच्यादेखत फाइल डिलीट केली.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारी, बुधवारीही नाही.

फाइल पुन्हा दिसली नव्हती. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

गुरुवारी दुपारी तिच्या अर्जावरचा नंबर लावला. आईने उचलला. मी नाव सांगितलं, कौसल्या का येत नाही ते विचारलं.

पलीकडे कोणीतरी ताट सरकवलं.

“तिचं नाव काढून टाका सर,” आई कुजबुजली. “आणि परत फोन करू नका. हे जेवूक बसलेत.”