मशीनमध्ये अडकलेली अक्षत

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, सुरभी महागावच्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात शिरली ती जवळजवळ धावतच. हातात कार्डाची मशीन, कपाळावर घाम... आणि मशीनच्या कपाळावर चक्क हळदकुंकू!

काउंटरमागचा तरुण आधी मशीनकडे बघत राहिला, मग तिच्याकडे.

"हिचं लगन लागलं काय?"

"पूजा झाली," सुरभी चिडून म्हणाली. "दसऱ्याले यंत्र पुजतात म्हणून भुरीबाईनं हिलेही पुजलं. आता कार्डच आत जाऊन नाई राह्यलं."

भुरीबाई तांड्यावरची. नजर अधू झाली तशी चार वर्षं तिचा कशिदा बंद पडला होता. विमलताईंच्या संस्थेनं चष्मा दिला आणि म्हातारीची सुई पुन्हा चालू लागली. तसे चष्मे अजून कितीतरी तांड्यांवर द्यायचे होते. त्यासाठी देणग्या गोळा करायला ताईंनी ही मशीन आणली आणि सुरभीला बाजार समितीच्या फाटकापाशी टेबल मांडून दिलं. फोनवरून पैसे पाठवणारी पोरं होतीच, पण विकलेल्या सोयाबीनचा चुकारा बँकेत घेणाऱ्या काका-आजोबांच्या खिशात बटणांचा फोन आणि एटीएम कार्ड. महिनाभर चालवून बघू, नाही जमलं तर मशीन परत, असं ठरलेलं. आणि पहिल्याच आठवड्यात ही बया तोंड मिटून बसली!

"उघडून पाहा ना."

"हे उघडाची चीज नाई. पेच काढला का कायमची बंद." त्यानं बारीक चिमटा उचलला आणि फटीत बॅटरी मारली. कुरळे केस, कानामागे पेन्सिल, आणि काम करताना श्वास रोखून धरायची अजब सवय. आपणही श्वास रोखून धरलाय, हे सुरभीच्या जरा उशिराच लक्षात आलं.

चिमट्यात एक लाल तांदूळ आला. पूजेची अक्षत! दोघं एकदमच हसली.

"किती झाले?" तिनं विचारलं.

"चालते का ते त पाहू पहिले." त्यानं स्वतःचंच कार्ड आत सारलं. "दहा रुपये टाका."

मशीन टुणकन वाजली. सुरभीला इतकं हायसं वाटलं, की तिनं तिथंच संस्थेचं पावतीपुस्तक काढलं. "पावती कोणाच्या नावानं फाडू?"

"राजदीप." मग जरा थांबून— "सध्या एकट्याच्याच."

सुरभीनं मान वर न करता नाव लिहिलं. तिरक्या नजरेनं मात्र दिसलंच... त्यानं ती अक्षत बारक्या पेचांच्या डबीत ठेवली.

"काहून ठेवून राह्यले?"

"पूजेची हाये. कचऱ्यात थोडीच टाकतेत?"

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास स्वारी टेबलापाशी हजर. "मशीन तपासाले आलो." दहा रुपये, एक पावती. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही. शिवाय हा गृहस्थ तिथंच रेंगाळायचा, म्हाताऱ्यांना कार्ड कसं घालायचं ते दाखवायचा. "पिन झाकून दाबा, बाबा. या मॅडमलेही दिसू देऊ नका." म्हातारे खूश. टेबलापुढं रांग लागू लागली.

सुरभीला मात्र काही केल्या कोडं सुटेना. द्यायचे तर एकदम द्यावेत, हे रोज दहा-दहा काय? शेवटी तिनं विचारलंच.

"एकदम देले," तो म्हणाला, "त उद्या कायले येऊ?"

त्या दिवशी सुरभीनं पावतीवर तारीखच चुकवली. आणि मग रोज तीन वाजल्यापासूनच तिचं लक्ष रस्त्याकडे लागू लागलं. तो आवडत होता. स्वतःशी खोटं किती दिवस बोलणार?

महिना संपला. विमलताई भलत्याच खूश होत्या. "मशीन ठेवायची! आता मुकुटबनकडचं काम. दोन महिने तूच जा, सुरभी. सोमवारी निघ."

मुकुटबन म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. आनंदाची बातमी ऐकून कुणाला रडू येतं का? तिला आलं.

संध्याकाळी ती मशीन घेऊन दुकानात गेली. "मशीन पास झाली. मुकुटबनले चालली."

"अन् तुमी?"

"मशीन काय एकटी जाते?"

राजदीपचा हात थबकला. मग त्यानं ती डबी पुढं केली. पेचांच्या गर्दीत लाल तांदूळ तसाच होता.

"आज नाई बोललो त राहूनच जाईन. मले तुमी आवडता, सुरभी. मशीन त पहिल्याच दिवशी दुरुस्त झालती..."

सुरभीनं मशीनवर दहाचा आकडा टाकला आणि ती त्याच्यापुढं धरली. त्यानं गोंधळून कार्ड घातलं, पिन दाबला. मशीन टुणकन वाजली.

"पावती कोणाच्या नावानं?" तिनं विचारलं.

आणि उत्तराची वाट न पाहता तिनंच लिहिलं— राजदीप आणि सुरभी. पावती फाडून त्याच्या हातात दिली आणि डबीचं झाकण लावून तीही परत केली.

"एका दाण्यानं भागत नाई," ती दारातून म्हणाली. "परवा रविवार हाये, बाबा घरीच असतात. तुमच्या घरच्यांले घेऊन या... बाकीच्या अक्षतांचं तेच पाहतील."