एकशे चार अंडी आणि दोन रबरं

गतिरोधकावरून गाडी गेली तेव्हा काहीच वाजलं नाही. दोन्ही पुढची चाकं एकदम वर चढली, एकदम खाली उतरली. पण पुढच्या वळणावर डावं चाक एकटंच खड्ड्यात गेलं आणि खालून 'टक्' असा आवाज आला. थोड्या वेळाने उजवं गेलं. पुन्हा 'टक्'.

"एवढा मोठा उंचवटा मुकाट्याने चढली आणि चिमूटभर खड्ड्याला बोंबलते," निशी म्हणाली. "डोकं फिरलंय हिचं."

निशिगंधा पावसे तेरा वर्षांची होती, आणि तिचं स्वतःचं डोकं फिरायला याहूनही कमी पुरायचं. गाडी तिच्या कुंदाआत्याची होती. आत्या कासवांची शास्त्रज्ञ. समुद्र दर वर्षी खारवलीचा किनारा थोडा थोडा खात चालला होता, त्यामुळे कासवीण वाळूत अंडी घालून गेली की ती काढून चौदा किलोमीटर लांब, डोंगरापलीकडच्या कासवघरात नेऊन पुरावी लागायची. ते काम ही विजेवर चालणारी गाडी करायची.

आज पहाटे पाचला एक कासवीण येऊन गेली होती. आता साडेसात वाजले होते. अकराची भरती त्या जागेवरून जाणार होती. शिवाय अंडी घातल्यावर पाच-सहा तासांत आतला जीव कवचाला आतून चिकटायला लागतो. त्यानंतर अंडं कललं तर तो मरतो. म्हणजे दोन्ही हिशेबांनी मुदत अकराचीच.

आत्याने कलमापकाकडे (गाडी किती अंश कलली ते दाखवणाऱ्या यंत्राकडे) बोट दाखवलं. "घाट उतरताना सहा अंश कलली. एकदा चारच्या वर गेली की दुरुस्त होईपर्यंत ती अंड्यांचा कप्पा उघडतच नाही."

"मग टोपली घेऊन चालत जाऊ."

"चार तास लागतात. मोज आता."

निशीने मोजलं. अकरा उलटून जात होते. गाडी सरळ जेटीजवळच्या आबांच्या शेडमध्ये गेली.

आबा म्हणजे निशीचे आजोबा. चाळीस वर्षं त्यांनी मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त केली होती. त्यांच्या शेडमध्ये जाळ्या राहायचा. तो जाळी विणणारा यंत्रमानव. मच्छीमार सोसायटीने नवा आणल्यावर आबांनी त्याला इकडे आणलं होतं. त्याच्या बोटांना सुताचा ताण आणि मऊपणा अचूक कळायचा. बोलण्यात मात्र मऊपणा औषधालाही नव्हता.

"एका चाकाला आवाज, दोन्हीला नाही," सगळं ऐकून तो म्हणाला. "तार आण."

निशीने कासवांच्या कुंपणाची जाड तार आणली. जाळ्याने तिची दोन्ही टोकं एकाच बाजूला वाकवली आणि मधला भाग आपल्या दोन मुठींत धरला.

"हा स्वे बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, गाडीला कलू न देणारी सळई). टोकं म्हणजे चाकं. दोन्ही टोकं एकदम वर उचल."

निशीने उचलली. मधली तार मुठींत नुसती फिरली.

"आता एकच उचल."

आता तार पिळली गेली. दुसरं टोकही तिच्यामागे वर ओढलं जाऊ लागलं. निशीला जोर लावावा लागला.

"गाडी वळते तेव्हा बाहेरच्या बाजूवर भार येतो," जाळ्या म्हणाला. "तिकडची स्प्रिंग दबते, आतल्या बाजूची ताणली जाते, आणि गाडी कलते. मग ही सळई पिळली जाते. पिळलेल्या सळईला सुटायचं असतं, म्हणून ती दोन्ही बाजू सारख्या करायला बघते. कल कमी होतो. पण त्यासाठी तिला मधे कुणीतरी घट्ट धरायला हवं." त्याने मुठी सैल केल्या. निशीने एक टोक उचललं तशी तार मुठीत आधी हलली, आपटली, आणि मग पिळली.

टक्.

"मूठ म्हणजे काय? गाडीत कुणाची मूठ?" निशीने विचारलं.

"बुशिंग (सळईभोवती बसणारा रबराचा गट्टू). असे दोन. त्यांच्यावर लोखंडी पट्टी."

"ती रबरं मी गेल्या वर्षीच बदलली," आत्या म्हणाली. "त्याच्या आदल्या वर्षीही. बाकीच्यांची पाच-पाच वर्षं टिकतात. म्हणून तर जोडी कायम जवळ ठेवते."

"खारी हवा," आबा म्हणाले. "नाहीतर हिची जेवढी देखभाल होते तेवढी तालुक्यात कुठल्या गाडीची होत नसेल."

निशीने एव्हाना जॅक ओढून डाव्या चाकाजवळ लावला होता.

"एकच बाजू उचललीस तर सळई पिळलेली राहील," जाळ्या म्हणाला. "पट्टीचा बोल्ट सुटला की सळई उसळेल. तुझी बोटं तिथेच असतील. शिवाय नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणी शिरत नाही."

"आधी सांगायला काय होतं तुला?"

"आधी विचारायला काय होतं?"

आबा हसले आणि बोटी टेकवायचे दोन सारखे रुंद ओंडके पुढे सरकवले. आत्याने गाडी त्यांवर चढवली, ब्रेक लावला, मागच्या चाकांना दगड लावले. आता दोन्ही पुढची चाकं सारख्या उंचीवर, जमिनीसारखीच भार घेऊन उभी होती. सळईवर पीळ नव्हता.

निशी पाना घेऊन खाली सरकली. लोखंड काळंभोर, तुकतुकीत. गंज नावाला नाही. बोल्ट सहज फिरले. पट्टी काढली. रबराला एका बाजूने उभी चीर असते. तिथून उघडून तिने ते सळईवरून ओढलं. जाळ्याने चिमटीत दाबून पाहिलं.

"खालचा अर्धा नव्या रबराच्या निम्म्यानेही घट्ट नाही. वरचा अर्धा ठीक आहे."

निशीने ते उजेडात धरलं. खालचा भाग फुगून खव्यासारखा चिकट झाला होता. वरचा, जिथे गाडीचा सांगाडा आडवा येतो, तो कोरडा आणि टणक. खारी हवा काही अर्ध्याच रबराला लागत नाही. तिने वास घेतला. बोटीच्या इंजिनाचा वास.

"आबा, तुम्ही हिच्या पोटाखाली काय मारता?"

"बोटीचं जळकं ऑइल. दर मे महिन्यात, पावसाच्या आधी. म्हणून तर गंज नाही."

"ब्रश कुठपर्यंत पोचतो?"

आबांनी ब्रश धरल्यासारखा हात गाडीखाली नेला, आणि तो सांगाड्याच्या अलीकडेच थांबला. निशी मात्र थांबली नाही. "तुम्हीच सडवताय रबरं. आत्या बदलतेय आणि तुम्ही सडवताय."

आत्याने निशीकडे असं पाहिलं की तिला स्वतःचेच शब्द परत घ्यावेसे वाटले. आबांनी ते रबर हातात घेतलं, नखाने टोकरलं.

"रबराला तेल पाजलं की ते फुगतं," जाळ्या म्हणाला. "फुगलं की मऊ होतं. मऊ झालं की धरत नाही."

"बोटीला असलं रबर खाली नसतं रे," आबा सावकाश म्हणाले. "मी हिला बोटच समजत होतो." मग त्यांनी हात साबणाने धुतले. निशीला वाटलं एकदाच धुतील, पण त्यांनी तीनदा धुतले. "सरक. सळई मी पुसतो. तेलाचा एक थेंब राहता कामा नये."

दोघांनी मिळून सळई फडक्याने आणि साबणाच्या पाण्याने लख्ख केली. नवं रबर चटकन सरकावं म्हणून निशीचा हात सवयीने ग्रीसच्या डब्याकडे गेला. आबांनीच तो मागे सारला आणि साबणाचं पाणी पुढे केलं. चीर जुन्या रबराची होती तशीच पुढच्या बाजूला आली. वर पट्टी बसली. बोल्ट एकदम आवळला तर पट्टी तिरकी बसते, म्हणून थोडा हा, थोडा तो. शेवटचा पीळ जाळ्याने मोजून दिला. मग उजवी बाजू.

नऊ पंचवीस झाले. किनाऱ्यावर जाऊन वाळू उकरून, एकेक अंडं जसं होतं तसंच, वरची बाजू वर ठेवून, कप्प्यात ठेवायला आणखी चाळीस मिनिटं गेली. एकशे चार निघाली. आबा न विचारता मागच्या सीटवर बसले, जाळ्या त्यांच्या शेजारी.

घाटात सतरा वळणं होती. निशी बाहेर बघतच नव्हती, तिची नजर कलमापकावर होती. अडीच. तीन. खड्डा आला, आवाज नाही. तेराव्या वळणाला रस्ता खचलेला होता, तिथे आकडा तीन पूर्णांक आठला जाऊन थांबला. आत्याने वेग आणखी कमी केला. आकडा उतरला.

दहा बावन्नला कासवघरातल्या खड्ड्यात अंडी उतरायला लागली.

"पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघतील," आत्या म्हणाली. "त्यातल्या माद्या मोठ्या झाल्या की याच बाजूच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. बारा-पंधरा वर्षांनी."

"तेव्हा मी अठ्ठावीसची," निशी म्हणाली. "गाडी दुसरी असेल. पण घाट वळायचाच राहणार, म्हणजे कलायचं काही सुटत नाही. सळई धरायला रबरच हवं की दुसरं काही, ते तरी तोवर मी बघून ठेवते."

शेवटचं अंडं तिने आत्याच्या हातून घेतलं आणि आबांच्या तळहातावर ठेवलं. आबांनी श्वासही जपून घेतला.

"सरळ धरलंय ना रे?"

जाळ्याने वाकून पाहिलं. "शून्य अंश," तो म्हणाला.