तोंड उघडा, बाबा

जेवणं झाली होती. माडीवरचा धुराचा अलार्म उगाचच किंचाळला आणि गप्प झाला. पुतण्या म्हणाला, "आजीनं पुन्हा दूध उतू घालवलं असणार."

"मी तुझ्यासमोर बसलेय की रे, मेल्या!" आजी म्हणाली.

सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांचं निम्मं आयुष्य लोकांच्या घरी अलार्म बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेलं होतं.

"अलार्म वाजला की आधी माणसाचं नाव घेऊ नये," ते म्हणाले. "माझ्या ओळखीच्या एकानं घेतलं होतं."

"झालं! आता आम्हाला झोप नाही," पुतणी म्हणाली. पण दार तिनंच लोटलं आणि पाय वर घेऊन बसली.

काकांनी सांगितलं ते असं.

नोव्हेंबरातला मंगळवार, अकरा तारीख. संध्याकाळी साडेसहाला तो गृहस्थ अलार्म टॉवेलात गुंडाळून काकांच्या दुकानात आला. कारखान्यात तयार माल तपासायचं त्याचं काम. एक ओरखडा दिसला की अख्खी पेटी परत. म्हणून सगळे त्याला तपासनीसच म्हणत.

"रात्री अडीच-तीनच्या सुमाराला वाजतो," तो म्हणाला. "काल परत वाजला. काल तरी वाजायला नको होता."

काकांनी झाकण उघडलं. आतल्या काळ्या डबीत टाचणीच्या टोकाएवढा किडा होता.

"हा बघा तुमचा चोर. रात्री आडोसा शोधत आत शिरतात. अलार्मला धूर काय नि किडा काय, सारखाच." मग काकांनी सहज विचारलं, "घरात कुणावर आळ नाही ना घेतलात? लोक घेतात."

तपासनिसानं काउंटरची कड धरली.

घेतला होता. सासऱ्यांवर. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत म्हातारा झालेला माणूस. बायको गेल्यावर लेकीकडे राहायला आलेला. एके काळी दिवसाला दोन पाकिटं ओढायचा, पण नात झाली त्या दिवशी लेकीला शब्द देऊन सिगारेट सोडली. त्याला सहा वर्षं झाली. अलार्म मात्र नेमका त्यांच्याच दाराबाहेर, माडीवरच्या बोळात. तपासनिसाला आणखी कसला पुरावा हवा होता? तिसऱ्यांदा झोपमोड झाली त्या रात्री, दोन चाळीसला, त्यानं सासऱ्यांना बोळातल्या दिव्याखाली उभं केलं.

"तोंड उघडा, बाबा."

"जावईबापू, अहो, सकाळी बघू ना."

त्यांनी तोंडावर हात धरला होता. कवळी खोलीत, पेल्यात होती. कवळीशिवाय त्यांना लेकीनंसुद्धा कधी पाहिलं नव्हतं.

"हात काढा. श्वास सोडा."

नात दारात येऊन उभी होती. तिच्यासमोर त्यांनी हात काढला. ओठ आत गेलेले. त्यांनी जावयाच्या तोंडावर श्वास सोडला, शाळेतल्या पोरासारखा. कसलाच वास आला नाही.

"चूळ भरून आलेत," तपासनीस म्हणाला. "बेरकी आहेत."

नातीला आजोबांचं तोंड बघून हसू आलं. लेक एवढंच म्हणाली, "बाबा, शब्द दिला होतात मला."

पुढे ते खिडकी सताड उघडी टाकून झोपायला लागले. उगाच कुणाला वास यायला नको. थंडी पडली होती. छाती भरली आणि इस्पितळ गाठावं लागलं. तिथं लेकीनं हात हातात घेऊन विचारलं, "आता तरी खरं सांगा ना, बाबा." ते तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ओढली गं. चुकलं." ती रडली. माफ केलं म्हणाली. दुसऱ्या दिवशी ते गेले. त्याला बारा दिवस झाले होते.

"हे माझ्या घरी बोलू नका," तपासनीस काकांना म्हणाला. "तिनं त्यांना माफ केलंय. तिच्या मनाला तेवढीच शांती."

"मला काय करायचंय?" काका म्हणाले. तासाभरात त्यांनी त्याच्याकडे जाऊन कोरा अलार्म बसवला. त्याच्या बायकोनं विचारलं, "जुन्याला काय झालं होतं?" काका म्हणाले, "जुना झाला होता."

त्या रात्री दोन चाळीसला अलार्म वाजला.

तपासनीस बोळात आला. स्टूल ओढलं. वर चढला. बटणाला हात लागायच्या आत आवाज थांबला. आणि त्याच्या तोंडावर श्वास आला.

ऊबदार. ओलसर. अगदी समोरून.

समोर भिंत होती.

तो हलला नाही. श्वास संपला. थोडं थांबून परत आला... कुणी तरी वाट बघत होतं. वास घेतला का, म्हणून.

"अहो, स्टुलावर काय करताय?" बायको दारात होती.

"अलार्म वाजला."

"काही वाजलं नाही."

दुसऱ्या रात्री तेच. दोन चाळीस. त्यानं उशी कानांवर दाबली. आवाज थांबेना. तो उठला. स्टूल. अंधार. श्वास...

तिसऱ्या रात्री तो स्टुलावर चढलाच नाही. बोळात खाली बसला. तरी श्वास आला. आता बसलेल्याच्या उंचीवर.

बायकोनं दिवा लावला.

"काय झालंय तुम्हाला?"

"बाबांनी ओढली नव्हती."

"किडा होता आत. एवढासा..."

"त्यांनी मला स्वतः सांगितलं."

"तुला बरं वाटावं म्हणून."

ती भिंतीला टेकली. "कधी कळलं तुम्हाला?"

"मंगळवारी."

"आज शुक्रवार उजाडेल."

"हो."

"म्हणजे मी त्यांना... न केलेल्या..." ती वडलांच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली. त्यानं दारावर हात ठेवला. वाजवायचं धैर्य झालं नाही.

काका बोलायचे थांबले. माडीवर काही वाजत नव्हतं.

"मग? श्वास थांबला का?" पुतण्यानं विचारलं.

"त्याच्यापुरता थांबला. सकाळी दहाला त्यानं मला फोन केला, हा अलार्म काढून न्या. मी गेलो. दार तिनं उघडलं. म्हणाली, 'तुम्हालाही माहीत होतं?' मी म्हटलं, हो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं रे. ती म्हणाली, 'स्टूल तिथं आहे.'"

"मग?"

"चढलो. चांगलं ऊन होतं. बोळात कुणी नव्हतं. अलार्म सोडवला आणि..." काकांनी चष्मा काढला. "डाव्या बाजूची काच. तीनदा बदलली."

पुतण्यानं चष्मा हातात घेतला. सदऱ्याच्या टोकानं काच पुसली. लख्ख झाली. उजेडात धरली.

काचेच्या मधोमध पांढुरका गोल उमटला. हळूहळू विरला. पुन्हा उमटला.

पुतणीनं चष्मा ओढून घेतला आणि काच नाकाशी नेली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"कसलाच वास नाही," ती म्हणाली.