उंच आयरिसला उशीर झाला तेव्हा

जालना एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीच्या शीतगृहात, सरकीच्या नमुन्यांमागे, तृप्तीला एक अनोळखी खोके सापडले. आत आल्यासारखे गड्डे होते. बियाण्याची उगवण तपासणे हे तिचे काम. परकी वस्तू तिथे ठेवणे नियमात बसत नव्हते.

"कुणाचं आलं आहे हे?"

थंडाव्याचे यंत्र दुरुस्त करणारा कल्याण शिडीवरून उतरला. "माझं, मॅडम. पण आलं न्हाई… आयरिस हाये. दाढीवालं."

"फुलाला दाढी?"

"पाकळीवर असती. फुललं की दाखवतो. याला आठ हप्ते गारठा लागतो, आपली थंडी पुरत न्हाई. राहू द्या ना…"

तिने रीतसर अर्ज लिहून घेतला आणि खोके राहू दिले. अर्ज तिने दोनदा वाचला. अक्षर फार सुबक होते.

डिसेंबरात कल्याणने जालना जिल्ह्यातल्याच टेंभुर्णीत, आपल्या घरामागे, तिन्ही जातींचे गड्डे लावले – ठेंगणी, मधली आणि उंच. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात निरोप आला – ठेंगणी जात फुलली होती. तृप्ती गेली. वीतभर दांड्यावर जांभळे फूल. तीन पाकळ्या वर घुमटासारख्या जुळलेल्या, तीन खाली ओघळलेल्या आणि त्यांवर केशरी मखमली लव. ती कितीतरी वेळ वाकून पाहत राहिली. मान वर केली, तर कल्याण फुलाकडे पाहतच नव्हता.

"या फुलानं दाढी तुमच्यापेक्षा नीट राखली आहे," ती म्हणाली.

"उद्याच न्हाव्याकडं जातो मंग."

"नको… शोभते."

महिना सरताना मधली जात उमलली, काकवीच्या रंगाची, कडांना झालर असलेली. तृप्ती पुन्हा टेंभुर्णीला गेली. निघताना कल्याण बागेच्या फाटकाशी घोटाळला.

"आता उंच जात राह्यली. ती मार्चात फुलती. तेव्हा… तुम्हाला एक सांगायचं हाये."

मार्च अर्धा उलटला, निरोप आला नाही. आले ते परभणीचे स्थळ. घरी मुलगा पसंत होता आणि रविवारी उत्तर कळवायचे होते. नकाराला तृप्तीजवळ कारण नव्हते. असलेच तर ते अजून कुणी उच्चारले नव्हते. शनिवारी तिने स्वतःच फोन लावला.

"उंचवालं यंदा फुलत न्हाई, मॅडम," कल्याणचा आवाज पडला होता. "गड्ड्याची पाठ उन्हात उघडी लागती. आईला कीव आली, तिनं हळदीसारखी माती चढवून ठेवली."

"उद्या आम्हाला परभणीच्या स्थळाला उत्तर द्यायचं आहे," तृप्ती म्हणाली, आणि थांबली.

पलीकडून फक्त "कळलं, मॅडम," एवढंच आलं. मग फोन बंद झाला.

रविवारी सकाळी तृप्तीच्या दारात मोटारसायकल थांबली. मागच्या सीटवरून कल्याणची आई, साळूबाई, पदर सावरत उतरली आणि सरळ तृप्तीच्या आईपुढे जाऊन उभी राहिली.

"माती म्या चढवली, बाई. माझ्या पोराला बोलायला फूल लागत होतं. ते न्हाई, म्हणून म्या आले."

"आई, थांब तू," कल्याण पुढे झाला. हात रिकामे होते. ते कुठे ठेवावेत हेही त्याला सुचत नव्हते. "मॅडम… तुम्ही फुलाकडं बघता ना, तसं मी तुमच्याकडं बघून राह्यलो. पहिल्या दिवसापासून. मला तुमच्याशी लग्न करायचंय."

"मॅडमशी?" तृप्तीने विचारले.

"तृप्तीशी," तो हळूच म्हणाला.

तृप्तीने आईकडे पाहिले. मग चेहऱ्यावरचे हसू न लपवता फोन हातात घेतला.

"बाबांना उठव, आई. परभणीला काय कळवायचं, ते मी सांगते."